चर्चच्या मैदानाचा भाडेपट्टा आणि गेलेले चौदा महिने

वडगाव शेरीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या चर्चचं मैदान आणि जुना हॉल तिघा विश्वस्तांनी एका बिल्डरला तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिला. दस्त नोंदवलेला आहे, धर्मादाय आयुक्तांची परवानगी घेतलेली नाही. पाळक म्हणतात, चर्चच्या कारभारात सरकारने पडायचं नाही, घटनेतच तसं आहे. भागातल्या एका नेत्याने सांगितलं, "आमदारकीची निवडणूक होऊ द्या, मी मिटवतो." आणि कुणीतरी ताईंना समजावलं की परवानगीच नाही म्हणजे दस्त आपोआप रद्द. त्या निर्धास्त राहिल्या. चौदा महिने गेले, आता मैदानावर पत्रे ठोकले आहेत.

अशी पत्रं मला वरचेवर येतात. कधी चर्चची, कधी देवळाची.

ताई, तुमचं सगळं प्रकरण एका पोटकलमावर अडलं आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. इथवर तुम्हाला मिळालेली माहिती बरोबर आहे. पण २०१७ च्या दुरुस्तीने त्याच कलमात पोटकलम ५ आलं. अपवादात्मक परिस्थितीत आयुक्त व्यवहार झाल्यानंतरही मंजुरी देऊ शकतात. त्यासाठी निकड होती, बाजारभावापेक्षा कमी मोबदला घेतला नाही, विश्वस्तांनी स्वतःचा फायदा करून घेतला नाही, हे सगळं दाखवावं लागतं. हे सोपं नाही. पण बिल्डरने पैसे ओतले, इमारत उभी राहिली, की 'आता आमचं नुकसान होईल' हा त्याचा मुद्दा दर महिन्याला जड होत जातो. तुम्ही गप्प बसलात तेवढा काळ तो मुद्दा त्याच्यासाठी वाढत होता. पत्रे ठोकायच्या आधी आला असतात तर काम निम्मं असतं, हे मी रागाने नाही, कळकळीने लिहितो आहे.

पाळकांच्या म्हणण्याचं उत्तर घटनेच्या अनुच्छेद २६ मध्येच आहे. उपासना कशी करायची, बाप्तिस्मा कुणाला द्यायचा, यात सरकार पडत नाही. मालमत्तेचा कारभार मात्र 'कायद्यानुसार' करायचा, असे शब्द तिथे आहेत. १९५४ साली रतिलाल गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच विश्वस्तव्यवस्था कायद्याची काही कलमं रद्द केली, पण मालमत्तेचं नियमन करण्याचा सरकारचा अधिकार मान्य केला. १९७० मध्ये काही प्रोटेस्टंट चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यानंतर गुजरातमधल्या एका ब्रेदरन चर्चने ठराव करून आपली मालमत्ता त्या नव्या चर्चकडे गेली असं धरलं. २०१३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की विश्वस्त कायद्याची वाट टाळून नुसत्या ठरावाने मालमत्ता जात नाही. ते ठरायला चार दशकं लागली. तुमच्याकडे तेवढा वेळ नाही.

नेत्याच्या आश्वासनावर थांबू नका. आयुक्तांसमोरची सुनावणी अर्धन्यायिक, म्हणजे न्यायालयासारखी पुराव्यावर चालणारी, असते, तिथे आमदाराच्या चिठ्ठीला किंमत नाही. शिवाय बदल्यात उपासनेनंतर त्यांच्यासाठी मतांचं आवाहन करायचं ठरलंय, असं तुम्ही लिहिता. ते थांबवा. धर्माच्या नावाने मत मागणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ नुसार भ्रष्ट आचरण आहे, आणि २०१७ च्या अभिराम सिंग निकालानंतर त्यात मतदाराचा धर्मही येतो.

आता करायचं ते. विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ४१ई खाली आयुक्तांकडे मनाई हुकमासाठी अर्ज करा. तो एकटीच्या सहीने होत नाही. विश्वस्तव्यवस्थेत हितसंबंध असलेल्या किमान दोघांचा अर्ज लागतो, सोबत प्रतिज्ञापत्र. तुमचं पत्र एकटीचं आहे आणि मला तीच काळजी वाटते. दिवाणी दावा घाईने लावू नका, त्याच कायद्याच्या कलम ८० मुळे तो अधिकारक्षेत्रावरच अडकण्याचा धोका मोठा आहे. त्या तिघांची नावं परिशिष्ट एकवर, म्हणजे विश्वस्तव्यवस्थेच्या सरकारी नोंदवहीत, आहेत का, विश्वस्त बदलल्याची नोंद करणारा चेंज रिपोर्ट वेळेत दिला होता का, हेही पाहायला हवं, पण त्यावर आज सगळं लावू नका. ते वाद वर्षानुवर्षं चालतात. जागेची मिळकत पत्रिकाही (प्रॉपर्टी कार्ड) काढा. सरकारने दिलेली किंवा वर्ग दोनची, म्हणजे हस्तांतरावर सरकारी बंधन असलेली, जागा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा प्रश्न येऊ शकतो. कागद पाहिल्याशिवाय याहून ठाम बोलणार नाही.

सोमवारी सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा, इंडेक्स टू) आणि दस्ताची प्रमाणित नक्कल काढा, पत्र्यांचे तारखेसह फोटो घ्या. आणि रविवारच्या उपासनेनंतर, लोक अजून आवारात उभे असतानाच, दुसरी सही मिळवा. दोन्ही सह्या घेऊन या, अर्ज मी त्याच दिवशी तयार करतो.