42 व्या वर्षी, काही त्रास नसताना मॅमोग्राफी करावी का?

ताई, तुम्ही लिहिलंय की वय 42, घराण्यात कुणाला स्तनांचा कॅन्सर नाही, त्रास काही नाही. पण नणंद मॅमोग्राफीसाठी, म्हणजे स्तन दाबून काढतात त्या एक्स-रेसाठी, मागे लागलीय आणि तुम्हाला भीती वाटते. मी गोव्यातच, डिचोलीकडे नर्स आहे, शिबिरांत काम करते.

आधी एक सांगते. गाठ हाताला लागतेय, बोंडातून रक्त येतंय किंवा कातडी आत ओढली गेलीय, असं काही असेल तर विचार करत बसू नका, उद्याच डॉक्टरांकडे जा. पुढचं सगळं तुमच्यासारख्या, काही त्रास नसलेल्या बाईसाठी.

गेल्या पावसाळ्यात एक बाई मॅमोग्राफीनंतर मिळालेली 'पुन्हा या' अशी चिठ्ठी हातरुमालात गुंडाळून आली. घामाने अक्षरं फुटली होती. आठ दिवस ती नवऱ्याशीही बोलली नव्हती. सोनोग्राफीत निघाली साधी पाण्याची गाठ. ब्रिटनमध्ये मॅमोग्राफी केलेल्या 100 बायकांतल्या साधारण 4 जणींना पुन्हा बोलावतात, आणि त्यांतल्या एकीलाच कॅन्सर निघतो. पुन्हा बोलावलं म्हणजे कॅन्सर नव्हे, एवढं तिला आम्ही आधी सांगायला हवं होतं. ते मला अजून लागतं.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. कधीच त्रास न देणारा कॅन्सरही तपासणीत सापडतो आणि त्यावर ऑपरेशन होतं. ब्रिटनच्या 2012 च्या समितीचा अंदाज होता की एकीचा जीव वाचतो तेव्हा अशा तिघी निघतात. तरीही पन्नाशीपुढच्या बाईला मी तपासणीला 'जा' म्हणेन. मुंबईत टाटा हॉस्पिटलने दीड लाख बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी तपासायच्या. पन्नाशीपुढे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही.

तुमचं वय नेमकं मधलं. अमेरिकेत 40 पासून दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी सुचवतात, ब्रिटनमध्ये बोलावणं पन्नाशीला येतं. म्हणजे 'नको' म्हणालात तर तो निष्काळजीपणा नव्हे. पन्नाशीच्या आत मृत्यू घटल्याचं दिसलं नसलं, तरी मी तुमच्या जागी असते तर आरोग्य केंद्रात हाताने तपासून घेतलं असतं. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात तिशीपासूनच ते आहे. मॅमोग्राफी करायचीच ठरली तर आधी विचारा: काही दिसलं तर सोनोग्राफी, सुईची तपासणी कुठे होईल, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) बांबोळीला जावं लागेल का, रिपोर्ट किती दिवसांनी मिळेल? नणंदेला सोबत न्या. आणि पाळी झाल्यावरच्या आठवड्यात जा, तेव्हा दाबल्यावर कमी दुखतं.