१८ ग्रॅम पाण्यात अणू किती? आधी सांगा, कुठला अणू

एका ताईंनी विचारलंय, मुलगा नववीत, मराठी माध्यम, 'द्रव्याचे मोजमाप' धडा चालू आहे. "१८ ग्रॅम पाण्यात किती अणू असतात" याचं उत्तर त्याने ६.०२२ × १०^२३ असं लिहिलं आणि सरांनी त्यावर लाल फुली मारली. पोराचं म्हणणं, हिंदी व्हिडिओत हेच गणित याच आकड्यांनी करून दाखवलंय आणि तिथे उत्तर हेच आहे. मग चुकलं कोण? आणि जाता जाता दुसरा प्रश्न, अणुंची लिहायचं की अणूंची.

ताई, व्हिडिओ बरोबर आहे आणि सरही बरोबर आहेत, त्यामुळे मार्क मागायला जाऊ नका. घोळ शब्दाचा आहे. मराठीत अॅटमला अणू म्हणतात आणि मॉलिक्यूलला रेणू. हिंदीत अॅटम म्हणजे परमाणु, आणि मॉलिक्यूलला ते म्हणतात अणु! गुजराती, बंगालीतही हिंदीसारखंच आहे. म्हणजे 'अणू' हा एकच शब्द, पण हद्द ओलांडली की त्याचा अर्थ एक पायरी सरकतो.

आता पाण्याचं बघा. १८ ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल (डझनासारखंच, कण मोजायचं एकक), त्यात रेणू ६.०२२ × १०^२३. व्हिडिओतल्या मास्तरांना हेच हवं होतं, ते याला 'अणुओं की संख्या' म्हणतात. पण एका रेणूत हायड्रोजनचे २ आणि ऑक्सिजनचा १ असे ३ अणू, म्हणून मराठीत उत्तर तिप्पट, १.८०७ × १०^२४. पाण्यात तिपटीवर सुटका झाली, साखरेत काही खरं नाही. साखरेच्या एका रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ मिळून ४५ अणू, रेणुवस्तुमान ३४२, म्हणजे ३४२ ग्रॅम साखर म्हणजे एक मोल. चहात घालतो त्या चमच्यात सपाट भरून साधारण ४ ग्रॅम साखर बसते, आपण हिशोबाच्या सोयीसाठी ३.४२ ग्रॅम धरू, म्हणजे ०.०१ मोल. रेणू झाले ६.०२२ × १०^२१ आणि अणू झाले त्याच्या ४५ पट, २.७१ × १०^२३. चमचा तोच, साखर तीच, आणि नुसत्या एका शब्दापायी उत्तर पंचेचाळीस पटीने इकडचं तिकडे. हेलियमचं गणित आलं असतं तर मात्र कोणाच्या लक्षातही आलं नसतं, कारण तो एकटा जीव, त्याचा अणू हाच रेणू.

मग 'खरा' अर्थ कोणाचा, असं लोक हमखास विचारतात. माझ्या मते दोघांचा. भागवतात एक उतरंड दिलेली आहे, दोन परमाणूंचा एक अणू, तीन अणूंचा एक त्रसरेणू, आणि त्रसरेणू म्हणजे काय तर झरोक्यातून कवडसा पडतो ना, त्यात जे बारीक कण तरंगताना दिसतात ते. हिंदीने या शिडीच्या खालच्या दोन पायऱ्या उचलल्या, परमाणु आणि अणु. आपण परमाणू सोडून दिला आणि वरच्या दोन घेतल्या, अणू आणि रेणू. संस्कृतात रेणु म्हणजे धूळ किंवा पराग, चरणरेणू मधला रेणू तोच. म्हणजे लहान तो अणू, त्याहून मोठा तो रेणू हा क्रम आपणही नीट पाळलाय, फक्त मोजायला सुरुवात एक पायरी वरून केली. अर्थात त्या काळच्या कोणाच्या डोक्यात हायड्रोजन-ऑक्सिजन नव्हते, आपण जुन्या शब्दांना नवीन काम लावलंय एवढंच, उगाच छाती फुगवायला नको.

मुंबईत तर दोन्ही शब्द एकाच पत्त्यावर नांदतात. परमाणु ऊर्जा विभागाचं ऑफिस जिथे आहे त्या इमारतीचं नाव अणुशक्ती भवन! म्हणजे हिंदीवालेही शंभर टक्के शिस्तीत वागतात असं नाही, बॉम्बला तेही कधी परमाणु बम म्हणतात कधी अणु बम. गणिताच्या पेपरात मात्र अशी ढिलाई परवडत नाही.

माझी मामेबहीण इंदूरची, घरात मराठी आणि शाळा हिंदी. सुट्टीत आली की माझं पुस्तक चाळायची आणि 'ऑक्सिजनचा रेणू' वाचून खो खो हसायची, कारण तिच्या लेखी रेणू म्हणजे तिच्या वर्गातली पहिल्या बाकावरची मुलगी.

आणि मोलचा आपल्या 'मोल'शी काही संबंध नाही बरं का, तेही काही जणांना वाटतं. ओस्टवाल्ड या जर्मन शास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात मोलेक्यूल हा शब्द तोडून मोल केला, मूळ लॅटिन, अर्थ ढीग किंवा वस्तुमान. आपल्याकडे जुन्या पुस्तकांत याला ग्रॅम-रेणू म्हणायचे, मला तो शब्द आवडायचा कारण त्यात काय मोजतोय ते दिसतं. २० मे २०१९ पासून मोलची व्याख्या थेट आकड्यानेच केली आहे, ६.०२२१४०७६ × १०^२३ कण, ना कमी ना जास्त. कण कुठला ते तुम्ही सांगायचं, आणि तिथेच तर सगळे आपटतात. मिठात तर रेणू म्हणायचीही सोय नाही, तिथे सोडियम आणि क्लोराइडचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण असतात.

मुलगा पुढे नीटला बसणार असेल तर एवढं सांगून ठेवा की मराठी पेपरात शंका आली की शेजारचा इंग्रजी प्रश्न वाचायचा, भाषांतरात गोंधळ असला तर इंग्रजीच अंतिम धरतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मराठीत सुटा शब्द दीर्घ, अणू, रेणू, म्हणून अणूंची, रेणूंची. समासात पहिलं पद असेल तर ऱ्हस्व, अणुबॉम्ब, अणुअंक, रेणुसूत्र. हिंदीत सुटा असला तरी ऱ्हस्वच, अणु. त्यामुळे नोट्समध्ये सुटा ऱ्हस्व 'अणु' दिसला की मला लगेच संशय येतो की हे हिंदीवरून उतरवलंय, आणि मग मी तिथल्या पाण्याच्या उत्तराला तीनने गुणून बघतो.