यादीत 40, हजर 9

प्रश्न: आपत्ती नियंत्रण कक्षातल्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, स्वयंसेवकांचं काम नुकतंच माझ्याकडे आलंय. यादीत 40 परवानाधारक आहेत, सरावाला आले 9. त्यातल्या दोघांची नेट, म्हणजे सगळ्यांचं रेडिओवरचं एकत्र बोलणं, कोण चालवणार यावरून जुंपली. निरोपाचा फॉर्म भरायचा म्हटलं की जुने हॅम नाक मुरडतात. नवे सेट मागवू का?

उत्तर: सेट नकोत, निदान आत्ता तरी. मी 11 वर्षं असं पथक सांभाळलं. सेट कधी कमी पडले नाहीत. ऐकलेलं जसंच्या तसं उतरवून घेणारी माणसं कमी पडली. एका सरावात ‘एकोणसाठ चादरी’ असा निरोप निघाला आणि तिसऱ्या केंद्रावर ‘एकोणसत्तर’ होऊन पोचला. घोळ माझाच, आणि तोही परवान्याला 20 वर्षं झाल्यावर! तेव्हापासून आमच्याकडे आकडा सुटा बोलतात, ‘पाच, नऊ’, आणि घेणारा तो परत वाचून दाखवतो. जुन्यांशी फॉर्मवरून वाद घालू नका. एक निरोप तोंडी चौघांमधून फिरवा आणि शेवटी मूळ कागद वाचा. पुढच्या वेळी फॉर्म तेच मागतील.

हजेरीचं म्हणाल तर दर आठवड्याला ठरल्या वेळी वीस मिनिटांचं नेट घ्या, तीन महिने नोंद ठेवा आणि यादी त्यावरून नव्याने करा. ज्याला घर सोडता येत नाही त्याचं नाव मात्र खोडू नका; घरून नेट कंट्रोल, म्हणजे कुणी कधी बोलायचं ते सांगायचं काम, तो उत्तम करेल. भांडणाऱ्या दोघांना आळीपाळीने नेट द्या. ज्याची पाळी नसेल त्याने दुसऱ्याचा लॉग, म्हणजे नोंदवही, लिहायचा.

महिन्यातून एकदा रिपीटर, म्हणजे आपला आवाज लांब पोचवणारं मधलं केंद्र, बंद पडलाय असं धरून सिम्प्लेक्सवर, म्हणजे थेट सेट ते सेट, सराव करा. लांबच्या केंद्रासाठी 7 मेगाहर्ट्झचा डायपोल, म्हणजे तारेचा अँटेना, मुद्दाम खाली, दोन पुरुष उंचीवर ताणा; लहर वर जाऊन दोन-तीनशे किलोमीटरच्या टापूत उतरते. 7110 किलोहर्ट्झच्या आसपास कान ठेवायची सवय लावा, आयएआरयूने, म्हणजे हौशी रेडिओच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, आणीबाणीसाठी सुचवलेली ती जागा आहे.

साहेबांना दोन गोष्टी आधीच सांगा. हौशी बँडवर अर्थ लपवणारी सांकेतिक भाषा चालत नाही, कुणीही ऐकू शकतं; म्हणून जखमींची नावं तिथे नकोत. आणि हौशी सेवेच्या व्याख्येतच आर्थिक लाभ बसत नाही, तेव्हा मानधनाचा विषय काढू नका. विमा आणि ओळखपत्र मात्र भांडून मिळवा. कुरकुर झालीच, तर 2003 च्या जागतिक रेडिओ परिषदेने हौशी केंद्रांना आपत्तीची तयारी करू द्यावी, असं सगळ्या देशांना सुचवलंय, ते दाखवा.

पुढच्या सरावाला साहेबांनाच पंचवीस शब्दांत निरोप लिहायला बसवा. त्यात ‘तातडीने’ कितीदा येतं, ते मला कळवा.