बुरशीची वाइन आणि सोतेर्नचे घराणे

प्रश्न : फ्रान्सच्या सोतेर्न भागातल्या शातो दिकेम या वाइन-बागेत बुरशी लागलेल्या द्राक्षांचीच वाइन करतात असे वाचले. इथे आम्ही भुरी-केवडा या बुरशीजन्य रोगांच्या धास्तीने फवारण्या करतो. मग तिथे हे कसे चालते? आणि बाग खरेच एकाच घराण्याची का? (द्राक्ष बागायतदार, नाशिक जिल्हा)

उत्तर : ही बुरशी वेगळी, बोट्रायटिस. भुरी आणि केवडा तिथेही नुकसानच करतात. बोट्रायटिससुद्धा मणी पूर्ण पिकल्यावर आली तरच कामाची. सिरोन या थंड नदीचे पाणी कोमट गारोनला मिळते, म्हणून शरदात पहाटे धुके दाटते आणि बुरशी वाढते. दुपारी ऊन-वारा हवाच. बुरशीने सालीला पाडलेल्या बारीक छिद्रांतून पाणी उडते, साखर घट्ट होते. दुपार कोरडी गेली नाही किंवा पावसाने साल फुटली, की तीच बुरशी करडी कुज होते. पाठोपाठ व्हिनेगरचे जिवाणू येतात.

म्हणून घड एकदम तोडत नाहीत. तपकिरी, सुरकुतलेले मणी तेवढे खुडायचे आणि काही दिवसांनी त्याच वेलीकडे परत यायचे. अशा पाच-सहा फेऱ्या, कधी त्याहून जास्त. उतारा हेक्टरी जेमतेम ९०० लिटर, म्हणजे एका वेलीमागे साधारण एक पेला. रस तीनदा दाबून काढतात आणि शेवटच्या दाबाचा सर्वांत गोड निघतो, कारण साखर सुकलेल्या मण्यांत अडकलेली असते. चिकणमातीत पाणी तुंबू नये म्हणून एकोणिसाव्या शतकात सुमारे १०० किलोमीटर मातीच्या नळ्या जमिनीत घातल्या. आमच्या मते बागेचे खरे भांडवल तेच.

आता घराणे. ही जमीन १५९३ मध्ये जाक सोवाज यांच्याकडे आली. १७८५ मध्ये त्यांच्या वंशातल्या जोसेफीन ल्यूर-सालूस घराण्यात दिल्या गेल्या. तीन वर्षांत पती घोड्यावरून पडून वारले. राज्यक्रांतीत दोनदा तुरुंगवास सोसूनही त्यांनी बाग राखली आणि १८२६ मध्ये नवे तळघर-कोठार बांधले. बोर्दोच्या वाइनच्या १८५५च्या प्रतवारीत सोतेर्नमधला सर्वोच्च दर्जा एकट्या दिकेमला मिळाला, त्याचा पाया या बाईंनी घातला होता. पुढे घरातल्याच भागधारकांनी हिस्से विकायला काढले. वाद कोर्टात गेला आणि १९९९ मध्ये ताबा एलव्हीएमएच या चैनीच्या वस्तूंच्या फ्रेंच कंपनीकडे गेला. तरी घराण्यातले अलेक्सांद्र द ल्यूर-सालूस २००४ पर्यंत कारभार पाहत होते.

प्रश्न : काही वर्षी दिकेमची वाइन निघतच नाही, ते का?

उत्तर : १९६४, १९७२, १९७४, १९९२ आणि २०१२ या हंगामांत निघाली नाही. पिंपांतला माल चाखून दर्जा नाही असे ठरले, की त्यावर नाव लावत नाहीत. वर्षभराचे उत्पन्न बुडते, तरी घराण्याने हा नियम पाळला आणि नव्या मालकांनीही.

प्रश्न : नाशकात करून पाहावे का?

उत्तर : नको. इथली वाइनची तोडणी जानेवारी ते मार्चच्या कोरड्या हवेत. रोजचे धुके नाही. बुरशीचे मणी दिसले तर त्यांत दुसऱ्याच बुरशा असण्याचा संभव जास्त, ते काढून टाका. गोड वाइनच हवी असेल तर चेनिन ब्लांक या जातीची निरोगी द्राक्षे वेलीवर जास्त दिवस ठेवून उशिरा तोडा. मण्याला व्हिनेगरचा वास आला, तर मात्र एक दिवसही थांबू नका.