कोर सोळा, तरी सिम्युलेशन रेंगाळतंय: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीपासून वाघोडिया रोडपर्यंत बडोद्यात डिझाइनचं काम करणाऱ्यांची तक्रार एकच आहे: जास्त कोरचं (प्रोसेसरमधल्या गणित करणाऱ्या युनिटांचं) महागडं मशीन घेतलं, पण सिम्युलेशनचा रन काही लवकर संपत नाही. म्हणून काही प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र देत आहे.

टास्क मॅनेजरमध्ये ३२ कोर दिसतात. सोल्व्हरला (समीकरणं सोडवणाऱ्या प्रोग्रॅमला) ३२ दिले तर १६ पेक्षा हळू चालतो. असं का? (मांजलपूर)

खरे कोर १६ आहेत, उरलेले लॉजिकल, म्हणजे एकच कोर दोन असल्यासारखा दिसतो. सोल्व्हरला १६ किंवा त्याहून कमीच द्या.

प्रेशर व्हेसलचं (दाबाखालच्या भांड्याचं) मॉडेल ४ कोरवर ६ तास घ्यायचं, नव्या मशीनवर १६ कोर देऊनही ५ तास घेतं. दुकानदार म्हणतो ३२ कोरचं घ्या. घेऊ का? (वाघोडिया रोड)

अजिबात घेऊ नका. आधी हिशेब पाहा. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच दाखवलं होतं की कामाचा जो भाग वाटता येत नाही, तो सगळा वेग अडवून धरतो. ९० टक्के काम वाटता येतं असं धरलं, तर ४ कोरवर सुमारे ३ पट आणि १६ कोरवर ६.४ पट वेग मिळतो; कितीही कोर लावा, १० पटीच्या वर जाता येत नाही. या हिशेबानेही तुमचे ६ तास ३ च्या आत यायला हवे होते. आले ५. म्हणजे अडचण बहुधा आणखी कुठेतरी आहे, आणि माझा पहिला संशय रॅमवर आहे.

रॅम किती जीबी हे सगळे विचारतात. ती किती चॅनेलवर (रॅम ते प्रोसेसर या वाटांवर) बसवली आहे हे कोणी विचारत नाही. फायनाइट एलिमेंटच्या, म्हणजे वस्तूचे छोटे तुकडे करून केलेल्या, गणितात सोल्व्हर मेमरीतून ढिगाने आकडे उचलतो आणि प्रत्येकावर थोडंसंच काम करतो. पंगतीला सोळा जण बसवले आणि वाढपी दोनच, तर पानं रिकामीच राहणार. साध्या डेस्कटॉपला दोन चॅनेल असतात. डीडीआर४-३२०० रॅम दोन्हींवर असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त ५१.२ जीबी, एकावरच असेल तर निम्मं. आणि दुकानात काय करतात? ३२ जीबीची एकच स्टिक लावून 'पुढे वाढवता येईल' असं सांगतात. बिलावर कोर मोठ्या अक्षरांत, चॅनेलचा उल्लेखही नाही. याची मला खरोखर चीड येते, कारण छोट्या वर्कशॉपचे लाखभर रुपये यात अडकतात.

मशीनची माहिती दाखवणारं सीपीयू-झेड सॉफ्टवेअर उघडा, मेमरीच्या पानावर चॅनेल पाहा. मग एकच मध्यम मॉडेल १, २, ४, ८, १६ कोरवर चालवून प्रत्येक वेळ लिहून ठेवा. ज्या आकड्यानंतर वेळ घटणं थांबतं, त्यापुढचे कोर तुमच्या कामाचे नाहीत. तो तक्ता आणि लॉग फाइल (सोल्व्हरने लिहिलेली नोंद) घेऊन सॉफ्टवेअर पुरवठादाराच्या सपोर्ट इंजिनिअरशी बोला. नवं मशीन घ्यायचंच असेल, तर तुमचंच मॉडेल त्यावर चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. अंदाजाने दुसरी स्टिकही आणू नका. वेगळ्या वेगाची निघाली तर दोन्ही हळू वेगावर चालतील.

कोर जेमतेम १०-१५ टक्के चालतात, डिस्क मात्र सतत चालू. (कलाभवन अभियांत्रिकी कॉलेजचा विद्यार्थी)

रॅम पुरत नाही, म्हणून डायरेक्ट (समीकरणं थेट सोडवणारा) सोल्व्हर आकडे डिस्कवर लिहितोय. लॉगमध्ये 'आउट ऑफ कोर' दिसतंय का ते बघा. सममिती असेल तर अर्धं किंवा पाव मॉडेल घ्या. इटरेटिव्ह (टप्प्याटप्प्याने उत्तराजवळ जाणारा) सोल्व्हर चालेल का, हे गाइडना विचारून ठरवा. प्रत्येक मॉडेलला तो मानवत नाही.

१६ मागितले तरी ४ च कोर वापरले जातात.

लायसन्स तपासा. अबॅकस या सिम्युलेशन सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या टोकन (लायसन्स मोजायचं एकक) पद्धतीत १ कोरला ५, ४ कोरना ८ आणि १६ कोरना १६ टोकन लागतात. अ‍ॅन्सिसमध्येही मूळ लायसन्सपलीकडचे कोर वेगळे घ्यावे लागतात. पुरवठादाराला फोन करा. क्रॅक केलेली प्रत कोणी देत असेल तर दारातूनच परत पाठवा. ज्या भांड्याजवळ माणसं उभी राहणार, त्याचा रिपोर्ट असल्या प्रतीवर बनवायचा नसतो.

मित्राने विंडोजची रजिस्ट्री (आतल्या सेटिंग्ज) बदलायला आणि अँटिव्हायरस काढायला सांगितलं.

दोन्ही करू नका. सोल्व्हरच्या तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर स्कॅनमधून वगळता येतो, तोही कंपनीच्या आयटीवाल्यांना विचारून.

दोन उन्हाळे झाले, मे महिन्यात दुपारचे रन रात्रीपेक्षा बरेच हळू चालतात. (रावपुरा)

मग दोन उन्हाळे थांबलात कशाला? बडोद्याचा पारा चाळिशीपार, खोलीत एसी नाही, कॅबिनेटमध्ये धूळ: प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला क्लॉक, म्हणजे आपला वेग, उतरवतो. रन चालू असताना तापमान आणि क्लॉक दोन्ही नोंदवा. धूळ काढून घ्या, थर्मल पेस्ट वाळली असेल तर जाणत्या तंत्रज्ञाकडून बदलून घ्या. वॉरंटी चालू असेल तर झाकण स्वतः उघडू नका, आधी सर्व्हिस सेंटरला विचारा. आणि हे याच आठवड्यात करा.