हुराकान, आर-एट की ४८८? आधी गाडीची फाईल मागवा

प्रश्न: नमस्कार दादा, चाकणला आमचं छोटं युनिट आहे, राहायला पुण्यात. पन्नाशी आली, आता एकदा मनासारखी गाडी घ्यायचीच असं ठरवलंय. बजेट दोन कोटींच्या आसपास, थोडं ताणता येईल. तीन सेकंडहँड गाड्या बघितल्यात, २०१६ ची लॅम्बोर्गिनी हुराकान, २०१७ ची ऑडी आर-एट व्ही-टेन प्लस आणि २०१७ ची फेरारी ४८८ जीटीबी (ही बजेटच्या बरीच बाहेर जातेय). मुलगा म्हणतो लॅम्बोच, मिसेस म्हणतात यातली एकही नको, सीए म्हणतो कंपनीच्या नावावर घ्या. वर्षाला अडीच-तीन हजार किलोमीटरच चालवेन. कुठली घेऊ आणि खर्च खरा किती येतो ते स्पष्ट सांगा.

उत्तर: हिशेब लावला तर वहिनींचं बरोबर आहे, पण तुम्ही मला ते विचारलेलं नाही, तेव्हा पुढे जाऊ.

आधी एक गोष्ट जी शोरूमवाला सांगणार नाही. हुराकान आणि दुसऱ्या जनरेशनची आर-एट या आतून सख्ख्या बहिणी आहेत, लॅम्बोर्गिनी १९९८ पासून ऑडीच्या छत्राखाली आहे त्यामुळे प्लॅटफॉर्म एकच, ५.२ लिटरचं व्ही-टेन इंजिन एकच, सात गिअरचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स पण त्याच घरातला, आणि तुम्ही बघितलेल्या दोन्ही गाड्यांची ताकद पण सारखीच, ६१० पीएस (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच). २०१४ ला हुराकान भारतात आली तेव्हा एक्स-शोरूम ३ कोटी ४३ लाख होती आणि २०१६ च्या ऑटो एक्स्पोत आर-एट व्ही-टेन प्लस आली ती २ कोटी ४७ लाखाला. मधला जवळजवळ एक कोटीचा फरक कशाचा, तर डिझाइनचा, बॅजचा आणि सिग्नलला थांबल्यावर किती मोबाईल बाहेर निघतात त्याचा. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही बरं का, सुपरकार घेताना तो आनंद पण माणूस विकतच घेत असतो आणि पुढे विकताना त्याच बॅजमुळे लॅम्बोला गिऱ्हाईक पण लवकर मिळतं. पण तुम्हाला स्वतः चालवायचा आनंद हवा असेल आणि कोण बघतंय याचं फारसं पडलेलं नसेल तर आर-एटसारखा सौदा नाही. २०२४ ला तिचं उत्पादन पण बंद झालं, टर्बो नसलेलं व्ही-टेन आता परत कोणी बनवेल असं मला तरी वाटत नाही.

फेरारीची गोष्ट वेगळी. ४८८ ला ३.९ लिटरचं ट्विन टर्बो व्ही-एट आहे, ६७० पीएस, चालवायला तिघींत सगळ्यात धारदार, यात वाद नाही. आणि फेरारी नव्या गाडीबरोबर सात वर्षांचा ठरलेला मेंटेनन्स देते, म्हणजे दरवर्षी किंवा २०,००० किमीला होणारी नियमित सर्व्हिस कंपनीकडून, आणि मालक बदलला तरी ती गाडीबरोबर जाते. म्हणून कोणी म्हणेल की फेरारी सांभाळायला सोपी, पण तुमची गाडी २०१७ ची आहे, ती सात वर्षं २०२४ लाच संपली! आता प्रत्येक बिल तुमचं. त्यात ब्रेक बघा, २००८ नंतरच्या सगळ्या फेरारींना कार्बन सिरॅमिक ब्रेक स्टँडर्ड आहेत, कमी चालवणाऱ्याला ते वर्षानुवर्षं पुरतात, पण ट्रॅकवर घासून झालेली गाडी तुमच्या गळ्यात पडली तर चारही डिस्क आणि पॅड मिळून एका चांगल्या नव्या सेडानएवढं बिल येतं. ही झीज नुसत्या डोळ्यांनी नीट कळत नाही, डिस्कवर किमान वजन कोरलेलं असतं, उतरवून काट्यावर ठेवून बघायचं. हुराकान आणि आर-एट प्लसला पण सिरॅमिक ब्रेक असतात, तिथेही हेच करा.

आता खर्च. लोक सर्व्हिस किती विचारतात आणि तिथेच फसतात, कारण सर्व्हिस हा त्यातला छोटा भाग आहे. दोन कोटी एफडीत ठेवले असते तर ७ टक्क्यांनी वर्षाला १४ लाख आले असते, तुम्ही तीन हजार किमी चालवणार म्हणजे किलोमीटरला साडेचारशेच्या वर नुसतं बुडालेलं व्याज, त्यात गाडीची घसरणारी किंमत धरलेलीच नाही. त्यापुढे पेट्रोल म्हणजे किरकोळ बाब, सहाचं ॲव्हरेज धरलं तर वर्षाला ५०० लिटर, साधं टाका नाहीतर १०० ऑक्टेनवालं, पन्नास ते ऐंशी हजारात वर्ष निघतं. टायरचा सेट दोन लाखाच्या वर आणि तो झिजून नाही तर वयानं जातो, साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे बघायचे, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, २३१८ लिहिलं असेल तर २०१८ चा तेविसावा आठवडा. कमी चाललेली गाडी म्हणून खूष होऊ नका, बऱ्याचदा तिच्यावर जुने कडक झालेले टायर असतात आणि ६०० घोडे त्या टायरवर पावसात सोडणं म्हणजे काय ते तुम्हाला कळेलच.

इन्शुरन्समधे गंमत आहे. २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे १५०० सीसीच्या वरच्या खाजगी गाडीचं थर्ड पार्टी वर्षाला ७,८९७ रुपये, लॅम्बोला पण तेवढंच आणि शेजारच्या स्कॉर्पिओला पण. खरा पैसा जातो ओन डॅमेजमधे, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात, तो आयडीव्हीवर (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीवर) चालतो आणि अशा गाडीला झीरो डेप (पार्टची घसरलेली किंमत न कापता भरपाई) आणि इंजिन प्रोटेक्ट दोन्ही घेतलेच पाहिजेत, हा आकडा लाखांत येतो. पुण्यातल्या पावसात पाणी साचलेल्या रस्त्यावर इंजिनात पाणी गेलं आणि इंजिन प्रोटेक्ट नसेल तर कंपनी हात वर करते.

कंपनीच्या नावावर घ्यायचं म्हणाल तर सीएला तीन गोष्टी विचारा. इन्कम टॅक्सला घसारा १५ टक्के मिळतो हे खरं, पण अशा गाडीच्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही आणि गाडी धंद्यासाठी वापरली हे दाखवता आलं पाहिजे, चाकणच्या युनिटला लॅम्बो कशाला लागते हे उत्तर तयार ठेवा. तिसरं, महाराष्ट्रात इम्पोर्टेड किंवा कंपनीच्या नावावरच्या गाडीला वन टाइम टॅक्स सरळ २० टक्के आहे, वरची मर्यादा आधी २० लाख होती ती १ जुलै २०२५ पासून ३० लाख झाली. महाराष्ट्र पासिंगची सेकंडहँड घेतली तर तो आधीच भरलेला असतो, म्हणून मी तरी एमएच नंबरचीच बघेन.

माझं मत विचाराल तर आर-एट घ्या आणि उरलेले पैसे बाजूला ठेवा, वर्षाला निदान पाच-सहा लाख फक्त गाडीसाठी म्हणून. मुलाचा हट्ट फार असेल तर हुराकान, पण नोज लिफ्ट (पुढचं नाक वर उचलण्याची सोय) असलेलीच, नाहीतर सोसायटीच्या पहिल्याच स्पीड ब्रेकरला पुढचा बंपर घासेल. ४८८ बजेट ताणून घेऊ नका. किंमत ताणून गाडी घेतलेला माणूस पुढे सर्व्हिस पुढे ढकलतो आणि मग अशा गाड्या बाजारात येतात ज्या बाहेरून चकाचक आणि फाईलमधे दोन वर्षांचं एकही बिल नाही. तिघींपैकी ज्या गाडीची फाईल सगळ्यात जाड असेल, म्हणजे प्रत्येक वर्षाचं अधिकृत वर्कशॉपचं बिल लावलेलं, तिच्यासाठी दहा-पंधरा लाख जास्त द्यावे लागले तरी द्या. आणि लॅम्बो-फेरारीचं अधिकृत वर्कशॉप मुंबईत आहे हे लक्षात ठेवा, गाडी बंद पडली की फ्लॅटबेडवरून घाट उतरून जाणार, तो खर्च आणि मनस्ताप पण धरा.

प्रश्न: मी न्यू जर्सीत आयटीत आहे, बॉनस साठवून पहिली एक्झॉटिक गाडी घेतोय. फेरारी एफ४३० की लॅम्बोर्गिनी गॅलार्डो? दोन्ही २००७ च्या, दोन्ही पॅडल शिफ्ट, किंमत जवळपास सारखीच आहे. मित्र म्हणतात फेरारीची बेल्ट सर्व्हिस माणसाला कंगाल करते.

उत्तर: मित्रांची माहिती एक गाडी मागे आहे. बेल्टचं दुखणं, म्हणजे ठरावीक काळानं इंजिनाचा टायमिंग बेल्ट बदलण्याचं, ३६० मोडेना आणि तिच्या आधीच्या ३५५ ला होतं, ३५५ ला तर त्यासाठी इंजिनच खाली काढावं लागायचं. एफ४३० मधे ४.३ लिटरच्या इंजिनाला टायमिंग चेन आली आणि तो विषय संपला. तिची खरी दुखणी दुसरी आहेत, एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाला, तडे जातात (हे इतकं कॉमन आहे की बदलले नसतील तर लवकरच बदलावे लागतील असं धरूनच भाव करा) आणि आतली बटणं वयानं चिकट होतात, हे काही गंभीर नाही पण गाडी बघायला आलेला पाहुणा पहिलं बोट तिथेच लावतो.

गॅलार्डो ५ लिटर व्ही-टेन, चारही चाकांना ताकद, अनेक पार्ट ऑडीच्या कुळातले, म्हणून रोजच्या वापराला थोडी दणकट वाटते. तिचं खरं दुखणं म्हणजे ई-गिअरचा, म्हणजे तिच्या पॅडल शिफ्ट गिअरबॉक्सचा, क्लच. ट्रॅफिकमधे हळूहळू सरकवणं, चढावर थांबून उलटी घेणं, यात तो संपतो आणि बदलायचा खर्च हजारो डॉलरमधे. एफ४३० चा एफ१ गिअरबॉक्स पण सिंगल क्लचच आहे, तिथेही हीच बोंब. दोन्ही गाड्यांत क्लच किती शिल्लक आहे ते डायग्नोस्टिक मशीन लावून काढता येतं, विकणारा ते करू देत नसेल तर तिथूनच परत फिरा. खरेदीच्या आधीची तपासणी, ज्याला तुम्ही तिकडे पीपीआय म्हणता, ती विकणाऱ्याच्या ओळखीच्या गॅरेजमधे नको, तुम्ही निवडलेल्या स्वतंत्र माणसाकडे. तुमच्याकडे ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स आहे तो बजेटमधे धरायला लोक विसरतात. इन्शुरन्स ॲग्रीड व्हॅल्यूवाला, म्हणजे गाडीची रक्कम आधीच ठरवलेला, घ्या, साध्या पॉलिसीत गाडी गेली तर कंपनी स्वतःच्या मनानं भाव ठरवते. आणि थंडीत रस्त्यावर मीठ पडतं तेव्हा गाडी गॅरेजमधे बॅटरी मेंटेनर लावून झाकून ठेवायची, म्हणजे वर्षातले चार महिने ती नुसती बघायची. मी असतो तर एफ४३० घेतली असती, इंजिनाचा आवाज आणि पुढे विकतानाचा भाव दोन्हीसाठी, पण मॅनिफोल्ड बदललेलीच.

प्रश्न: सर, नाशिकमधे एकजण पुदुच्चेरी पासिंगची इम्पोर्टेड स्पोर्ट्स कार देतोय, बाजारापेक्षा बरीच स्वस्त. घ्यावी का?

उत्तर: स्वस्त का आहे हे तुम्हाला पण कळलंय म्हणूनच विचारताय. पुदुच्चेरी, झारखंड वगैरे पासिंग टॅक्स वाचवायला करतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर तिथला नंबर घ्यावाच लागतो, म्हणजे मूळ आरटीओची एनओसी, इथे वयाप्रमाणे टॅक्स आणि मग जुन्या राज्यातून उरलेल्या टॅक्सचा रिफंड मागत बसणं. तो सगळा खर्च मिळवून परत भाव बघा, स्वस्ताई उरते का ते.

त्याहून मोठी भीती कागदांची. इम्पोर्टेड गाडी असेल तर कस्टम्सची बिल ऑफ एंट्री (गाडी रीतसर आयात झाल्याचा कागद) मागा आणि चॅसिस नंबर स्वतः जुळवून घ्या. २०२५ च्या सप्टेंबरात केरळात कस्टम्सनं भूतानमार्गे आणलेल्या गाड्यांवर धाडी टाकल्या त्यात नावाजलेल्या नटांची घरं पण होती. अशा प्रकरणात गाडी जप्त होते तेव्हा शेवटचा घेणारा आधी अडकतो, विकणारा फोन उचलत नाही. बिल ऑफ एंट्री नाही म्हणाला तर चहा पिऊन या.

प्रश्न: बजेट ३५ लाख. २००८ च्या आसपासची पोर्शे मिळतेय, घेऊ का, की वेड लागलंय मला?

उत्तर: वेड आहेच पण परवडण्याजोगं. २००८ पर्यंतच्या साध्या ९११, बॉक्स्टर, केमनच्या इंजिनात आयएमएस बेअरिंगचा (इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं बेअरिंग) आणि सिलिंडरच्या भिंतीला चरे पडण्याचा त्रास माहितीतला आहे, २००९ मॉडेलपासून आलेल्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात ते बेअरिंगच नाही, म्हणून एखादं वर्ष नवी मिळाली तर तीच बघा. जुनीच घेणार असाल तर बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून सिलिंडर आतून बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. आणि १५ वर्षं उलटल्यामुळे रजिस्ट्रेशन रिन्यू झालंय का ते आरसीवर बघा, इम्पोर्टेड गाडीची नुसती सरकारी फी ४०,००० रुपये आहे, वर पर्यावरण कर वेगळा, तो विकणाऱ्याच्या खात्यातून भरून घ्या.