कारवारला बदली झालीये? आधी एवढं करा

अभिनंदन, गाव छान आहे! घर शहरातच बघा. नौदलाचा आयएनएस कदंब तळ दक्षिणेला अरग्याकडे आहे. नवखे लोक तळाजवळ खोली घेतात आणि मग भाजी-मासळीसाठीही शहरात खेपा घालतात.

- तळाच्या दिशेने फोटो, ड्रोन अजिबात नको. पहिल्या आठवड्यात हीच चूक होते. युद्धनौका बघायची हौस टागोर किनाऱ्यावरच्या 'चपळ' संग्रहालयात भागवा.
- बाजारात कोकणी-मराठी चालते, सरकारी कचेरीत कन्नड लागतं. चार वाक्यं शिकाच.
- भाडं ठरवण्याआधी छप्पर बघा. जूनमधला पाऊस म्हणजे गंमत नाही (माझी गादी भिजली होती).

काळी नदीपलीकडचा सदाशिवगड, गोव्याची हद्द वगैरे नंतर निवांत.